नुसतं फळ

गास्पारने माझ्या हातातली नासपती काढून घेतली. मागितली नाही, काढून घेतली. रविवारचा बाजार, म्यूज नदीच्या काठाकाठाने माणसांची ही रेटारेटी, पिंजऱ्यात कोंबड्यांचा कलकलाट, कुठूनतरी तळणीचा वास, आणि त्या सगळ्यात मी आपली निमूटपणे एक नासपती उचलून देठाजवळ अंगठ्याने दाबून बघत होते. नासपती तशीच बघायची असते. तिचं पोट दाबून काही कळत नाही. ती आतून पिकत येते, बाहेरून मऊ लागेपर्यंत आत नासलेली असते. देठाजवळ अंगठा किंचित रुतला की समजायचं, आजची आहे. ही अगदी आजची होती. उद्या खाल्ली असती तर उशीर झाला असता. माझा अंगठा रुतला, सालीतून तो थंड, ओला वास आला, तोंडाला पाणी सुटलं, आणि तेवढ्यात डावीकडून एक हात आला. डावीकडूनच आला असणार, कारण मला दिसला नाही. मला एवढंच कळलं की मघाशी हातात वजन होतं आणि आता नाही. लहान पोराच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी तशी त्याने ती घेतली आणि परत ढिगावर ठेवली, तीही नीट, माझ्या अंगठ्याची खूण वर दिसेल अशी, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाची फसवणूक नको. असा आहे गास्पार.

“तिला शुगर आहे,” तो विकणारीला म्हणाला. हळू बोलणं त्याला ठाऊकच नाही. सगळा जन्म पोलादाच्या भट्टीवर गेला, तिथल्या गडगडाटात हळू बोलणाऱ्याचं ऐकतो कोण? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी घरात मीठ मागतानासुद्धा तो भट्टीवरच असतो. आजूबाजूच्या चारचौघांनी वळून पाहिलं. विकणारी चांगली लठ्ठ, लालबुंद बाई होती. ती म्हणाली, “अहो दादा, नासपती आहे ती, बॉम्ब नाही. खाऊ द्या की बाईंना एखादी!” लोक हसले. गास्पार हसला नाही. “आमचं आम्ही बघतो, बाई,” म्हणाला आणि माझं कोपर धरून मला पुढे घेऊन चालला. मला त्या क्षणी इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं की कोटाची वरची गुंडी मी उगाचच लावून घेतली. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून या शहरातल्या लोकांची गिचमिड अक्षरं लावली मी. डॉक्टरांची, दारुड्यांची, प्रेमात पडलेल्यांची. कुणाची बिशाद नव्हती माझ्याशी आवाज चढवून बोलायची. आणि आता भरबाजारात माझ्या हातातलं फळ काढून घेतात, आणि मी मुकाट्याने चालायला लागते.

बरं, नवरा वाईट म्हणावा तर तसंही नाही. तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर मी त्याला सरळ दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण ज्या दिवशी डॉक्टरांनी मला शुगर असल्याचं सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन या माणसाने आधी साखरेचं भांडं उचललं, झाकणावर चिमणी असलेलं, माझ्या आईच्या घरून आलेलं, आणि ते रिकामं करून, धुऊन, पुसून माळ्यावर ठेवून दिलं. मी म्हटलं, “अरे, तुझ्या कॉफीत तरी घाल.” तर म्हणाला, “तुला नाही तर मला कशाला?” तेव्हापासून त्याच्या कॉफीत साखर नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाफल भाजणारा बसतो, साखरेचे खडे जळून त्याचा जो वास सुटतो तो मेलेल्यालाही उठवील. तर हा मला घेऊन पलीकडच्या पदपथाने जातो, रोज, पावसातसुद्धा. नाताळात त्याची पुतणी चॉकलेटचा डबा घेऊन आली तेव्हा त्याने तो दारातच तिच्या हातात परत दिला. पोरगी रडली. मला त्याची लाज वाटली आणि अभिमानही वाटला. कुठल्या बाईला असा नवरा मिळतो?

आणि सकाळी, रोज सकाळी, तो माझ्यासाठी पावावर सिरोप लावतो. आमच्याकडचं सिरोप म्हणजे नासपत्या आणि सफरचंदं रात्रभर शिजवायची, पिळून रस काढायचा आणि तो तांब्याच्या कढईत दिवसभर आटवत बसायचं, इतकं की शेवटी काकवीसारखं काळंभोर, चमच्याला धरून राहणारं काहीतरी उरतं. साखरेचा एक दाणा त्यात पडत नाही. गास्पारच्या घरी, वर एर्व्हच्या पठारावर, दर वर्षी पानगळ सुरू झाली की ही कढई लागते. त्याचे आजोबा आटवायचे, वडील आटवायचे, आता हा आणि याचा भाऊ नोएल. मला शुगर झाली तेव्हा माझी सासू फेलिसीबाई म्हणाली होती, “साखर बंद म्हणतात ना डॉक्टर? मग होऊ दे बंद. हे आहे की आपलं. नुसतं फळच तर आहे.” झालं. घरात साखरेची बंदी आणि सिरोपचं राज्य. पावावर सिरोप, इथल्या त्या वासट चीजवर सिरोप, माझ्या कॉफीतसुद्धा चमचाभर सिरोप, कारण बिचारी कडू कॉफी कशी पिणार? डॉक्टरांनी दर खेपेला विचारावं, “बाई, साखर?” आणि मी छातीवर हात ठेवून सांगावं, “डॉक्टर, घरात शिवत नाही.” खरंच सांगत होते मी. गास्पार बाजूला बसून मान हलवायचा, शाळेत पोराचा पहिला नंबर आल्यासारखा.

आकडा मात्र उतरायचं नाव घेईना. बोटाला सुई टोचायची, थेंब काढायचा, आणि यंत्र आपलं रागावल्यासारखं वरच बोट दाखवायचं. आम्ही काय काय नाही केलं? पावावर संशय घेतला, पाव पातळ कापायला लागलो, इतका की सिरोप खालून गळायचं. दुधावर घेतला. माझ्या मनःस्तापावर घेतला. सगळ्यात शेवटी गास्पारने माझ्यावर घेतला. बोलला नाही तो तसं. पण एकदा मी अंघोळ करून बाहेर आले तर तो पॅसेजमध्ये माझ्या कोटाचे खिसे उलटे करत होता. मला बघून म्हणाला, “किल्ली शोधत होतो.” किल्ली त्याच्याच पट्ट्याला लटकत होती. नवऱ्याने बायकोचे खिसे तपासावेत ते परक्या पुरुषाच्या चिठ्ठीसाठी, माझे तपासले बिस्किटाच्या चुऱ्यासाठी. हसावं की रडावं? आणि खरं सांगू, पुढे पुढे माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. रात्री मी झोपेत उठून काही खात असेन का? बायका असं करतात म्हणे. सकाळी उठून मी माझ्याच बोटांचा वास घेऊन बघायची.

बाजारातून परतताना पुलावर वारा झोंबत होता. गास्पार पुढे, हातात कांद्याची पिशवी, आणि मी कठडा धरून मागे. गुरुवारी दुपारी मी याच पुलावरून दवाखान्यातून परत आले होते, एकटी. आहार सांगणाऱ्या बाईकडे जायचं होतं आणि गास्पारला नेमका त्याच दिवशी कढईला कल्हई करायला गावी जायचं होतं. बाई कसली, पोरगीच. लोरेदाना नाव, आजोबा इटलीहून इथे खाणीत आले होते म्हणाली. तिच्या टेबलावर रबराची फळं मांडलेली. ती म्हणाली, “आजी, सकाळपासून सांगा, काय काय खाता?” मी आपली ऐटीत सुरू झाले: पाव, पातळ कापलेला, त्यावर सिरोप, घरचं, साखर न घातलेलं. ती टाइप करत होती, ती थांबली. “किती लावता?” मी बोटाने जाडी दाखवली. “आणि कॉफीत?” मग तिने टाइप करणारे हात मांडीवर घेतले, आणि मला पोस्टातली ती शांतता आठवली, खिडकीवर कुणीतरी तार उघडून वाचायचं त्या वेळची. ती चांगली पोरगी होती. ओरडली नाही. म्हणाली, “आजी, साखर घालावी लागत नाही त्यात. फळातली साखर कुठे जाईल? पाणी तेवढं उडून जातं. तुम्ही एका घासात किती नासपत्या खाताय, बघा.” आणि मग तिने ती रबराची नासपती माझ्या हातात दिली. “त्यापेक्षा ही खा ना. पण खरी. एका वेळी एकच, तुमच्या मुठीएवढी. जेवणानंतर. रस नाही, सुकवलेली नाही, आटवलेली तर नाहीच नाही. आणि सालीसकट खायची, सोलू नका, सालीमुळे साखर हळू चढते.” मी म्हटलं, “नासपती खाऊ? मी?” ती म्हणाली, “का नाही खायची?” मला एकदम हसू फुटलं. इतकी वर्षं एका नासपतीला हात लावला नव्हता मी. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना, तर ती पोरगी घाबरून पाणी आणायला धावली.

डोळ्यांचं तर वेगळंच. डोळ्यांचं गास्पारला मी अजून सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात एकदा कपडे वाळत घालताना डाव्या डोळ्यात काहीतरी सांडलं. पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब पडावा तसं, काळं, पसरत जाणारं. मी चादर झटकली, मला वाटलं चादरीवर डाग आहे. मग दवाखाना, मग लेझरचे, हिरव्या प्रकाशाचे ते टाके, एकदा या डोळ्यात, एकदा त्या. डॉक्टर म्हणाले, वाचेल तेवढं वाचवू. डावा जवळजवळ गेलाच आहे. उजव्याने समोरचं दिसतं, पण रंग विटलेले, आणि फिकट वस्तू फिकट जागेवर असली की तिथे काही नसतंच. मी दूध कपाबाहेर ओतायला लागले तेव्हा गुपचूप निळा कप काढला. गास्पारला वाटलं, हौस. “काय म्हणाले डोळेवाले?” त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, “ठीक आहे म्हणाले.” ठीक नाही तर काय सांगू? सांगितलं असतं तर तो आणखी काळजी घेणार, काळजी घेणार म्हणजे सकाळी पाव आणखी पातळ कापणार आणि “डोळ्यांना ताकद हवी” म्हणून सिरोप आणखी जाड लावणार. तेव्हा मला सिरोपचं हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता तर त्याहून सांगता येत नाही. काय सांगू? गास्पार, तू रोज सकाळी प्रेमाने मला जे भरवलंस त्याने माझा डोळा गेला? नुसत्या त्यानेच गेला असंही कुणी म्हणत नाही, लोरेदानासुद्धा म्हणाली, एका गोष्टीवर खापर फोडू नका. पण गास्पारला मी ओळखते. तो खापर घेईल आणि स्वतःच्याच डोक्यावर फोडेल.

त्या बाजारानंतरच्या शनिवारी कढई होती. आठवडाभर मी तोंड उघडायचं ठरवत होते आणि रोज सकाळी उघडत होते ते पावासाठी. एकदा पाव खिडकीतून पाखरांना टाकला, तर बरोब्बर गास्पार खाली दारात उभा. वर येऊन म्हणाला, “आवडत नाही का गं आता?” असा चेहरा केला की मी दुसरा मागून घेतला.

नोएलच्या खळ्यात धूर आणि वाफ कोंदली होती. फळं रात्रीच शिजवून ठेवलेली, सकाळी पिळली होती, आणि आता रस कढईत रटरटत होता. गास्पार मोठं लाकडी वल्हं घेऊन ढवळत होता, बाह्या वर, तोंड लाल, आणि इतका आनंदी की मला बघवेना. माणूस घरात नुसता बसून असतो, पेपर वाचतो, गुडघे चोळतो, पण इथे आगीपुढे उभा राहिला की पुन्हा तोच तो, ज्याच्याशी मी लग्न केलं. सासूबाई घोंगडी पांघरून कढईजवळ खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचं काम एकच, थंड बशीत थेंब टाकून बशी तिरकी करायची आणि थेंब पळतो की थबकतो ते बघायचं. थबकला की त्या म्हणणार, “झालं.” तोवर कुणाची हिंमत नाही विस्तव काढायची. माझ्या बाजूला, दाराशी, उरलेल्या नासपत्यांचा ढीग होता. मी बसल्या बसल्या एक उचलली आणि अंगठ्याने देठ चाचपला. कढईपलीकडून लगेच आवाज आला, “ओदेत!” नुसतं माझं नाव. मी नासपती खाली ठेवली. नोएल म्हणाला, “काय रे दादा, वहिनीला काय कुंपणात ठेवलंयस? गाय तरी सुटी चरते.” “तुझ्या बायकोला शुगर झाली की सांग,” गास्पार म्हणाला. “माझ्या बायकोला झाली तर मी तिला माहेरी पाठवीन, ढवळायला मला वेळ कुठाय!” सगळे हसले, नोएलची बायको सगळ्यात मोठ्याने.

दुपार कलली आणि थेंब थबकला. “झालं,” सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे पहिला चमचा त्या वर्षी घरात जो आजारी असेल त्याचा. सासरे शेवटच्या वर्षी छातीत खाणीची धूळ घेऊन याच खुर्चीत बसले होते तेव्हा त्यांचा होता. नोएलच्या मुलीचा पाय मोडला तेव्हा तिचा. मला शुगर झाल्यापासून तो माझाच आहे, दर वर्षी, माझ्या हक्काचा. सगळे गोल करून उभे राहिले. सासूबाईंनी लाकडी चमचा भरला, फुंकर घातली. “ये पोरी.”

मी म्हटलं, “आई, यंदा नको. दवाखान्यात नको म्हणाले.”

सासूबाईंना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, “साखर नको म्हणाले असतील.”

“हेही नको म्हणाले.”

“ह्यात काय आहे? नुसतं फळच तर आहे. माझ्या नवऱ्याने शेवटी शेवटी पाणी सोडलं, पण हे नाही सोडलं.” त्यांनी चमचा पुढे केला तशी त्यातून एक धार घोंगडीवर पडली. नोएल म्हणाला, “शहराचं पाणी लागलं वहिनीला. आता दुकानातलं हवं, लेबल लावलेलं.” कुणी फारसं हसलं नाही. गास्पारने वल्हं भिंतीला टेकवलं, आईच्या हातातून चमचा घेतला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. कपाळावरचा घाम गालांवर ओघळलेला, बोटं भाजलेली. हळू आवाजात म्हणाला, अगदी हळू, लग्नाला इतकी वर्षं झाली पण हा आवाज मी दोनदाच ऐकला असेल: “ओदेत, आईपुढे नको गं. हे सगळं कुणासाठी करतो मी?”

मी आ केला. काय करणार होते? आणि खोटं कशाला बोलू, चव! जिभेवर ते ऊन ऊन काळं पसरलं आणि माझं सगळं अंग त्याच्याकडे धावलं, कुत्रं धन्याकडे धावतं तसं. धूर, सफरचंदाची आंबट कड, मग नासपती, सगळ्या नासपत्या एकदम. माझी मलाच इतकी चीड आली की डोळे भरून आले. “बघा,” सासूबाई म्हणाल्या, “रडली. दर वर्षी रडते.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत मागच्या सीटवर बरण्या किणकिणत होत्या. उजेड कमी होत चालला होता, रस्त्याच्या कडा मला दिसेनाशा झाल्या, आणि कदाचित म्हणूनच, समोर काही बघायचं नव्हतं म्हणून, मी सांगून टाकलं. लोरेदाना, रबराची नासपती, जवळजवळ सगळं. गास्पार आधी तडकला. “कोण ती? कालची पोर! आमच्या घरात शंभर वर्षं आटवतात, तिने कढई तरी पाहिलीय का? साखर घालतच नाही आम्ही!”

“गास्पार,” मी म्हटलं, “टोपल्याच्या टोपल्या आटवून चार बरण्या उरतात. त्या सगळ्या फळांचा गोडवा जातो कुठे? वाफेबरोबर?”

“वाफेबरोबर पाणी जातं,” तो रागाने म्हणाला. “भट्टीवर जन्म काढलाय मी, मला शिकवू नकोस. जायचं ते जातं, आणि बाकीचं सगळं…”

आणि तो थांबला. वाक्य त्याने पुरं केलं नाही. गाडी पठारावरून खाली उतरत होती, वळणांवर बरण्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि मी वाट बघत होते. शहराचे दिवे आले, नदी आली. पुलावर तो म्हणाला, “बाकीचं खाली राहतं.” मग पूल उतरल्यावर, “मी तुझे खिसे तपासत होतो.”

“मला माहीत आहे.”

“आणि डोळे? डोळ्यांचं काय म्हणाले होते ते?”

आत्ता सांगावं, असं वाटलं. शब्द अगदी जिभेवर आले. पण त्याचे हात स्टिअरिंगवर असे बसले होते, म्हाताऱ्या माणसाचे हात, की मी म्हटलं, “सांगितलं ना. ठीक आहे म्हणाले.” त्याने मोठा श्वास सोडला. बरण्या त्याने गाडीतच राहू दिल्या.

आज सकाळी मला जाग आली तेव्हा तो घरात नव्हता. रविवार, बाहेर घंटा वाजत होत्या. मी गाऊन चढवून स्वयंपाकघरात येऊन बसले. थोड्या वेळाने जिन्यात त्याचे पाय वाजले, नळ वाजला, सुरीचा आवाज आला, बराच वेळ, सावकाश काहीतरी चाललं होतं त्याचं माझ्याकडे पाठ करून. कॉफीचा वास आला. मग तो वळला, माझ्यापुढे बशी ठेवली आणि समोर बसला.

बशी आमच्या लग्नातली, पांढरी, काठाला रेघसुद्धा नसलेली. ती रिकामी होती. पाव नव्हता, काहीच नव्हतं. मी बघत राहिले. आधी समजलं नाही, मग समजलं, आणि असा राग आला, इतक्या दिवसांचा, सगळ्या वर्षांचा! म्हणजे आता हे! सिरोप नाही म्हटलं, तर काहीच नाही! हा माणूस एकतर तोंडात कोंबणार, नाहीतर ताटच काढून घेणार, मधलं काही याला जमणारच नाही.

“छान,” मी म्हटलं. “आता उपाशीच ठेव मला.”

त्याचा कप टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

“ही शिक्षा कुणाला आहे रे? मला की तुला? रुसायचंच असेल तर कढईवर रुस, आईवर रुस. मी काय घोडं मारलंय? माणसापुढे रिकामी बशी ठेवायची म्हणजे…”

“ओदेत,” तो म्हणाला.

त्याचा आवाज असा होता की मी गप्प झाले. खुर्ची सरकली. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, त्याने माझा हात मनगटाशी धरला आणि उचलून बशीत नेऊन ठेवला. माझ्या बोटांना काहीतरी गार, ओलं, गुळगुळीत लागलं. गोल, मग निमुळतं. अंगठा सवयीनेच वर गेला, देठ सापडला, आणि देठाजवळ तो किंचित रुतला. अगदी आजची होती. पांढरीशुभ्र सोलली होती त्याने, सालीची एक रेघसुद्धा ठेवली नव्हती, आजाऱ्याला द्यायची म्हणून, प्रेमाने, सगळी. माझं मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

“सालीसकट ठेवायचीस रे,” मी म्हटलं. “दिसली असती मला.”